शंका असेल तर 'हो' वर टिक: परदेशातून येताना खाऊ आणि गिफ्ट डिक्लेअर कसं करायचं

आधी माझाच किस्सा सांगतो, म्हणजे पुढचं सगळं का लिहितोय ते कळेल. रात्रभराचा प्रवास, झोप नाही, डोळे चुरचुरतायत, आणि बेल्टजवळ बॅगेची वाट बघत उभा असताना एक लांब कानांचं छोटंसं कुत्रं आलं, माझ्या खांद्यावरच्या पिशवीला नाक लावलं आणि गपचूप खाली बसलं. मला वाटलं दमलं असेल बिचारं. त्याच्यासोबतच्या बाईंनी विचारलं, पिशवीत खायचं काही आहे का, मी म्हटलं नाही, कस्टम्सच्या फॉर्मवर पण 'नाही' वरच टिक केलेली. मग त्यांनी पिशवीची बाजूची चेन उघडली तर आत टिश्यूत गुंडाळलेलं अर्धं चिकन सँडविच! निघताना एअरपोर्टवर घेतलेलं, अर्धं खाऊन उरलेलं 'नंतर खाऊ' म्हणून कोंबलेलं. मी ते खरंच विसरलो होतो, पण विसरलो होतो हे समोरच्याला पटवणार कसं?

नशीब की ऑफिसर समजूतदार निघाले. पासपोर्टचा नंबर लिहून घेतला, सँडविच लाल डब्यात गेलं, वॉर्निंग मिळाली, आणि या सगळ्यात पाऊण तास गेल्यामुळे पुढची फ्लाइट सुटली. ती कुत्री दमून बसत नाहीत हे मला नंतर कळलं. त्यांना तसंच शिकवलेलं असतं, भुंकायचं नाही, ओढायचं नाही, वास आला की बसायचं. अमेरिकेत तर १९८४ पासून बीगल जातीची कुत्री हे काम करतायत आणि कधी कधी फळ पिशवीत नसलं, सकाळी असलं, तरी ती बसतात, कारण वास राहिलेला असतो.

सगळे माझ्यासारखे स्वस्तात सुटत नाहीत. २०१८ मध्ये पॅरिसहून अमेरिकेत आलेल्या एका बाईंना ५०० डॉलर दंड झाला, कशाबद्दल तर विमानात खायला दिलेलं सफरचंद बॅगेत ठेवलं आणि सांगितलं नाही. २०२२ मध्ये बालीहून ऑस्ट्रेलियात डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशाकडे अंडं आणि बीफ सॉसेज घातलेले दोन बर्गर आणि एक हॅमचं क्रोसाँ सापडलं, दंड २,६६४ ऑस्ट्रेलियन डॉलर. आणि २०२५ मध्ये एका अभिनेत्रीला मेलबर्नला गजऱ्यापायी १,९८० ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले ती बातमी बऱ्याच जणांनी वाचली असेल.

या किश्शांमध्ये लोकांचा एक मोठा गैरसमज होतो की दंड वस्तू आणल्याबद्दल झाला. तसं नाहीये. सफरचंद, बर्गर, गजरा हे सगळं आधी सांगितलं असतं तर फार तर वस्तू काढून घेतली असती आणि विषय तिथेच संपला असता. दंड होतो तो न सांगितल्याचा. डिक्लेअर करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नाही, डिक्लेअर करणं म्हणजे 'माझ्याकडे हे आहे, चालतं का बघा' एवढं विचारणं, आणि ते फुकट असतं. हे एकदा डोक्यात बसलं ना की पुढचं सगळं सोपं आहे.

खाऊचा प्रश्न वेगळा, गिफ्टचा वेगळा

फॉर्म एकच असला किंवा रांग एकच असली तरी तिथे दोन पूर्ण वेगळी खाती तुम्हाला प्रश्न विचारत असतात. खाण्यापिण्याच्या वस्तू, झाडं, बिया, लाकूड, प्राण्यांपासून बनलेलं काहीही, याचा प्रश्न रोगराईचा आणि किडीचा आहे. तिथे किंमत किती आणि वजन किती याला फारसा अर्थ नाही, एक सफरचंद पण तेवढंच धोक्याचं आणि पेटीभर पण. गिफ्ट, कपडे, इलेक्ट्रॉनिक्स, दागिने यांचा प्रश्न टॅक्सचा आहे, तिथे किंमतच सगळं ठरवते. लोक काय करतात, दोन्हीची खिचडी करतात. 'अहो छोटंसंच पाकीट आहे, शंभर रुपयांचं पण नाही' हे मांसाच्या पाकिटाबद्दल सांगून काही उपयोग नाही आणि 'अहो हे माझं नाही, बहिणीला गिफ्ट आहे' हे घड्याळाबद्दल सांगून काही उपयोग नाही.

आधी खाण्याचं बघू कारण जास्त लोक तिथेच अडकतात.

कस्टम्सवाले एवढे का घाबरतात हे समजलं तर काय चालेल काय नाही याचा अंदाज तुमचा तुम्हालाच यायला लागतो. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये गुराढोरांत लाळ्या खुरकूत पसरला, ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली, आणि सुरुवात कुठून झाली असावी तर एका डुक्करपालनाच्या फार्मवरून, जिथे हॉटेलांतलं उरलंसुरलं खरकटं नीट न उकळता डुकरांना घालत होते आणि त्यात बेकायदा बाहेरून आलेलं मांस असावं असा तपासात संशय निघाला. म्हणजे कोणीतरी आणलेलं मांस, कोणीतरी टाकलेला तुकडा, आणि अख्ख्या देशाची जनावरं. आफ्रिकन स्वाइन फीवरचं तसंच आहे, माणसाला त्याचा काहीच त्रास होत नाही पण डुकरं पटापट मरतात, आणि तो व्हायरस खारवलेल्या, गोठवलेल्या मांसात महिनोन्‌महिने टिकून राहतो. म्हणून तैवानमध्ये हा रोग असलेल्या देशातून डुकराच्या मांसाचं काहीही आणलं आणि पकडलं गेलं तर पहिल्याच वेळी २ लाख तैवानी डॉलर दंड आहे, आणि परदेशी माणसाने भरला नाही तर त्याला परत पाठवतात.

फळांचं गणित वेगळं. फळमाशी सालीच्या आत अंडी घालते, बाहेरून फळ एकदम चकाचक दिसतं, धुतलं तरी काही होत नाही. धान्यात खापरा भुंगेरा असतो, त्याच्या अळ्या खायला काही नसलं तरी वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतात, गोणीच्या शिवणीत, बॅगेच्या कोपऱ्यात. या एका किड्यामुळे अमेरिकेत तो असलेल्या देशांतून प्रवाशांच्या सामानात तांदूळ आणायला बंदी आहे. त्यामुळे 'आम्ही लहानपणापासून हेच खातोय, आम्हाला कधी काही झालं नाही' हा युक्तिवाद कृपया करू नका. त्यांना तुमच्या पोटाची काळजी नाहीये, तिथल्या शेताची आहे.

आता काय चालतं. सगळ्यात आधी हे की नियम ज्या देशात उतरताय त्याचा असतो, जिथून घेतलं तिथला नाही, आणि एका देशाचा अनुभव दुसरीकडे लावायचा नाही. मधाचंच बघा, युरोपियन युनियनमध्ये स्वतःसाठी २ किलोपर्यंत मध आणता येतो, न्यूझीलंडमध्ये मधाची बाटली घेऊन गेलात तर ती तिथेच राहणार, कारण त्यांना स्वतःच्या मधमाश्या जपायच्या आहेत. वस्तू तीच, बाटली तीच.

तरी ढोबळ अंदाज असा ठेवा. मांस आणि मांसाचे पदार्थ सगळ्यात अवघड, ताजं असो, सुकवलेलं असो, घरी शिजवलेलं असो. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या बहुतेक देशांतून प्रवाशाने मांस आणि दुधाचे पदार्थ आणायलाच बंदी आहे, लहान बाळाची दूध पावडर वगैरे थोडे अपवाद सोडले तर. आणि इथे एक फसवी जागा आहे ती लक्षात ठेवा, मांस नेहमी मांसासारखं दिसत नाही. इन्स्टंट नूडल्सच्या पाकिटातली मसाल्याची छोटी पुडी, सूपच्या वड्या, भरलेले पेस्ट्रीचे प्रकार, यात चिकन किंवा बीफची पावडर असते आणि पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेली असते. मी आता दुकानातच पाकीट उलटं करून वाचतो, न वाचता येणाऱ्या भाषेत असेल तर फोनचा कॅमेरा लावून भाषांतर बघतो.

ताजी फळं, भाज्या, पानं, फुलं, मुळं ही जवळजवळ सगळीकडे भानगडीची, बऱ्याच ठिकाणी निघतानाच्या देशातलं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे मालाला रोग-कीड नाही असा सरकारी दाखला, लागतं आणि ते चार फळांसाठी कोणी काढत बसत नाही. युरोपियन युनियनमध्ये अननस, नारळ, ड्युरियन, केळं आणि खजूर ही पाच फळं या सर्टिफिकेटशिवाय चालतात, हीच पाच का तो वेगळा विषय. माती लागलेलं रोप तर विसराच. पेरायच्या बिया आणि खायच्या बिया यात ते फरक करतात पण पाकिटात ज्या बिया रुजू शकतात त्या त्यांच्या दृष्टीने पेरायच्याच. पानांचं पण हलक्यात घेऊ नका, लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग नावाचा रोग पसरवणारा किडा पानांवरून प्रवास करतो, फ्लोरिडात तो रोग २००५ मध्ये सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागांचं पार वाटोळं झालं.

कारखान्यातून सीलबंद आलेली बिस्किटं, चॉकलेट, चहा, भाजलेली कॉफी, कोरडे मसाले हे बहुतेक ठिकाणी सुटतात, पण सुटतात म्हणजे सांगायचं नाही असं नाही, सांगायचं आणि मग सुटतात. आणि यातही गमतीजमती आहेतच. ज्या चॉकलेटच्या अंड्याच्या आत खेळणं असतं ते अमेरिकेत चालत नाही, कारण १९३८ च्या कायद्याप्रमाणे मिठाईच्या आत न खायची वस्तू घालायची नाही. सिंगापूरला च्युइंगम न्यायचं नाही, १९९२ पासून बंदी. संयुक्त अरब अमिरातीत खसखस न्यायची नाही, साधी स्वयंपाकातली खसखस, पण ती अफूच्या बोंडातून येते म्हणून तिथे तिची गणना अमली पदार्थांत, आणि तिथे मी विसरलो वगैरे चालत नाही.

बॅग भरतानाच अर्धं काम होतं

डिक्लेरेशन विमानात फॉर्म भरताना सुरू होत नाही, ते बॅग भरताना सुरू होतं. मी आता खाण्याचं सगळं सामान एका वेगळ्या पारदर्शक पिशवीत भरतो आणि ती पिशवी एकाच बॅगेत, सगळ्यात वर. आधी काय करायचो, डबा बुटात, पाकीट टॉवेलमध्ये, बाटली जीन्समध्ये गुंडाळून, म्हणजे फुटू नये म्हणून हो, पण एक्सरेवर बघणाऱ्याला ते लपवल्यासारखंच दिसतं ना. आणि ऑफिसरने विचारलं की काय काय आहे तर मलाच आठवायचं नाही.

वस्तू मूळ पाकिटात ठेवा. जागा वाचवायला पाकीट फोडून झिपलॉकमध्ये ओतायची सवय अनेकांना असते, मला पण होती, पण मग ती नुसती एक तपकिरी पावडर होते, लेबल नाही, घटक नाहीत, कंपनी नाही, आणि समोरचा माणूस ओळखू शकला नाही तर तो सोडणार नाही, त्याने का सोडावं? घरी बनवलेल्या पदार्थांचा हाच घोळ आहे. त्यात काय घातलंय हे तुम्हाला माहितीय, त्याला नाही. आणायचंच असेल तर आणा पण ते जाऊ शकतं ही तयारी ठेवा, आणि ज्याच्यासाठी आणलं त्याला आधी कबूल करू नका.

अजून एक, फोनमध्ये यादी करा. पाच ओळींची, बिस्किटं दोन पाकिटं, चहा एक डबा, सुकामेवा अर्धा किलो असं. झोपेतून उठून कोणी प्रश्न विचारला की यादी वाचायची, बस. त्याच नोटमध्ये गिफ्टच्या किमती पण लिहा आणि बिलांचे फोटो काढून ठेवा, थर्मल कागदाची बिलं हळूहळू पुसट होत जातात.

गिफ्ट पॅक करून आणू नका. चमकी कागद, रिबन, सगळं छान गुंडाळलेलं, आणि मग काउंटरवर ते फाडून उघडताना बघायला फार वाईट वाटतं, कागद दुमडून बॅगेत टाका आणि घरी जाऊन गुंडाळा. दुसऱ्याने दिलेलं बंद पार्सल 'एवढं पोचवशील का' म्हणून आलं तर एकतर उघडून बघा नाहीतर नाही म्हणा, जवळचा असला तरी. फॉर्मवर सही तुमची असते आणि ही बॅग तुम्हीच भरली का या प्रश्नाला उत्तर पण तुम्हालाच द्यायचं असतं.

ट्रेकिंगचे बूट, तंबू, सायकलची चाकं यांची माती आधीच धुऊन काढा. ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडला हे फॉर्मवर स्पष्ट विचारतात आणि चिखलाचे बूट खरंच बाहेर काढून बघतात.

फॉर्म आणि ते दोन रस्ते

काही देशांत अजून कागदाचा फॉर्म विमानात देतात, काही ठिकाणी तो ऑनलाइन आधीच भरायचा, न्यूझीलंडचा ऑनलाइन फॉर्म तर फुकट आहे आणि त्याचे पैसे मागणाऱ्या साइट दिसल्या तर तिथून लगेच बाहेर पडा. काही ठिकाणी फॉर्मच नसतो, ऑफिसर नुसतं तोंडी विचारतो, एनी फूड? ते तोंडी उत्तर सुद्धा डिक्लेरेशनच आहे, झोपेत नो म्हणून टाकलंत तर तेच धरलं जातं.

फॉर्म भरताना प्रश्न पूर्ण वाचा. 'मांस, फळं, भाज्या, बिया, अन्नपदार्थ' अशी मोठी यादी असते आणि त्यातल्या एकाला जरी उत्तर हो असेल तर अख्ख्या प्रश्नाला हो. लोक यादीतले पहिले दोन शब्द वाचतात, आपल्याकडे मांस नाही म्हणून नाही करतात, आणि शेवटचा शब्द 'अन्नपदार्थ' राहून जातो. बिस्किटाचा पुडा पण अन्नपदार्थच. हो वर टिक केली म्हणजे बॅग उघडणारच असं काही नाही, अर्ध्या वेळा नुसतं काय आहे विचारतात आणि जा म्हणतात.

बऱ्याच एअरपोर्टवर बाहेर पडताना लाल आणि हिरवा असे दोन रस्ते असतात. लाल म्हणजे सांगण्यासारखं काही आहे, हिरवा म्हणजे काही नाही. युरोपात काही ठिकाणी निळा पण असतो, तो युनियनमधल्याच देशातून आलेल्यांसाठी. इथे कळीची गोष्ट ही की हिरव्या रस्त्यात पाऊल टाकणं हेच एक डिक्लेरेशन आहे. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत तरी चालत जाऊन 'माझ्याकडे काही नाही' असं सांगितलंत. तिथे पुढे थांबवल्यावर 'मी आत्ता सांगणारच होतो' म्हणणं म्हणजे वरातीमागून घोडं. शंका असेल तर लाल रस्ता घ्या, तिथे बऱ्याचदा रांग पण छोटी असते हे कोणी सांगत नाही.

दोन विमानांचा प्रवास असेल तर कस्टम्स नक्की कुठे होणार ते तिकीट काढतानाच बघा. अमेरिकेत उतरल्या उतरल्या पहिल्याच एअरपोर्टला बॅग घेऊन कस्टम्समधून जावं लागतं आणि मग ती परत पुढच्या विमानासाठी द्यायची, म्हणून मधे दोन तीन तास ठेवा. आणि मधल्या थांब्यावर परत सिक्युरिटी चेक झाला तर बऱ्याच एअरपोर्टवर अजून १०० मिलीलीटरचा नियम लागतो, मध, जॅम, सॉस हे सगळं तिथे लिक्विडच, हातातल्या बॅगेत त्याहून जास्त असेल तर कस्टम्सपर्यंत पोचणारच नाही.

फॉर्म 'नाही' करून बसलात आणि चालता चालता आठवलं तर? सांगा. तपासणी सुरू व्हायच्या आत, स्वतःहून, पहिला ऑफिसर दिसेल त्याला. काही एअरपोर्टवर तपासणीच्या आधी डबे ठेवलेले असतात, खायचं काही असेल तर इथे टाका म्हणून, त्यात टाकलं की विषय संपला. न्यूझीलंडमध्ये हे डबे ओलांडून पुढे गेल्यावर सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर.

आता गिफ्टचं

इथे सगळ्यात मोठा गैरसमज ड्यूटी फ्री या शब्दाचा. एअरपोर्टच्या ड्यूटी फ्री दुकानातून घेतलं म्हणजे सगळीकडे ड्यूटी माफ असं नाही हो. ते दुकान ज्या देशात आहे त्या देशाचा टॅक्स तुम्ही भरला नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. उतरताय त्या देशाच्या मर्यादेत तो माल मोजलाच जाणार, आणि बिल पण त्यांनी पिशवीत घालून दिलेलंच असतं.

प्रत्येक देशाची एक मर्यादा असते, तेवढ्या किमतीचं सामान टॅक्स न भरता आणता येतं. परत येणाऱ्या रहिवाशाला अमेरिकेत साधारणपणे ८०० डॉलर, युरोपियन युनियनमध्ये विमानाने आलात तर ४३० युरो आणि रस्त्याने आलात तर ३००, ब्रिटनमध्ये ३९० पाउंड. हे आकडे बदलत असतात म्हणून निघायच्या आठवड्यात त्या देशाच्या कस्टम्सच्या साइटवर बघाच. या मर्यादेत स्वतःसाठी घेतलेलं आणि दुसऱ्यासाठी घेतलेलं असा फरक नसतो, तुमच्या बॅगेतून आलं म्हणजे तुमच्या खात्यात. मर्यादा माणशी असते पण युरोपियन युनियन, ब्रिटनसारख्या ठिकाणी एकच महाग वस्तू दोघांत वाटून दाखवता येत नाही, अर्धा लॅपटॉप माझा अर्धा बायकोचा असं चालत नाही. आणि ब्रिटनमध्ये मर्यादा ओलांडली तर वरच्या रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर टॅक्स लागतो, त्यामुळे थोडक्यासाठी ओलांडणं फार महागात पडतं.

किंमत खरी सांगा. दुकानदार कधी कधी स्वतःहून कमी रकमेचं बिल देऊ का विचारतो, मोठ्या प्रेमाने विचारतो, पण ऑफिसर फोनवर मॉडेल नंबर टाकून दहा सेकंदात किंमत काढतो आणि मग वस्तूबरोबर तुमचा बाकीचा शब्द पण खोटा ठरतो. टॅग काढून अंगावर घालून आणायची आयडिया पण जुनी झाली, अंगावरचं घड्याळ पण नवीन असेल तर मोजतात.

उलटा त्रास असा की तुमचीच जुनी वस्तू ते परदेशात घेतलेली समजतात. महाग कॅमेरा, लेन्स, दागिने घेऊन जाणार असाल तर जातानाच कस्टम्सकडे नोंद करून घ्या, बऱ्याच देशांत अशी सोय आहे, अमेरिकेत त्याला फॉर्म ४४५७ म्हणतात. ते जमलं नाही तर निदान जुनं बिल फोनमध्ये ठेवा.

दारू आणि तंबाखूचा कोटा वेगळा आणि वयाची अट वेगळी, सिंगापूरमध्ये सिगारेटला तर सवलतच नाही, एक पाकीट असलं तरी ड्यूटी. ई-सिगारेट गिफ्ट म्हणून कोणाला घेऊ नका, सिंगापूर, थायलंडसारख्या ठिकाणी सरळ बंदी आहे. औषधं स्वतःच्या नावाच्या प्रिस्क्रिप्शनसकट, मूळ पाकिटात. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन नावाचं औषध असतं आणि जपानमध्ये ते १० टक्क्यांहून जास्त असेल तर गोळी नेताच येत नाही.

आठवण म्हणून आणलेल्या शोभेच्या वस्तूंकडे नीट बघा. प्रवाळ, हस्तिदंत, कासवाच्या पाठीचे दागिने, सापाच्या कातडीची पर्स, यांना धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा, १९७५ पासून लागू असलेला साइटीस हा आंतरराष्ट्रीय करार लागतो, आणि दुकानात राजरोस विकलं जातंय म्हणजे देशाबाहेर नेता येतं असं नाही. कॅविआर, म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली अंडी, सुद्धा या करारात माणशी १२५ ग्रॅमपर्यंतच सुटतो. लाकडाच्या वस्तूवर साल राहिली असेल किंवा बारीक भोकं असतील तर घेऊच नका.

रोख पैशाबद्दल एकच सांगतो, आणायला बंदी नाही, न सांगायला आहे. अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर आणि युरोपियन युनियनमध्ये १०,००० युरो किंवा जास्त असेल तर सांगावं लागतं, त्यावर टॅक्स लागत नाही. अमेरिकेत एका फॉर्मवर आलेल्या अख्ख्या कुटुंबाचे पैसे एकत्र धरतात, म्हणून चौघांच्या खिशात वाटून ठेवायची शक्कल चालत नाही.

काउंटरवर

त्या सँडविचनंतरच्या पुढच्या ट्रिपला मी सगळ्याला हो टिक केलं आणि छातीत धडधडत रांगेत उभा राहिलो. ऑफिसरने विचारलं काय आहे, मी यादी वाचली, चहा, बिस्किटं, मधाची बाटली, एक लाकडी खेळणं. पिशवी वरच होती, काढून दिली. चहा बिस्किटांकडे त्याने बघितलं पण नाही. खेळणं हातात घेतलं, टॉर्च मारून खालची बाजू बघितली, मग एक पांढरा कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर खेळणं दोनदा हलकेच ठोकलं. मी विचारलं काय बघताय, तर म्हणाला आत किडा असेल तर भुसा पडतो. काही पडलं नाही, खेळणं परत. मध ठेवून घेतला, सॉरी म्हणाला, सही घेतली. तीन मिनिटं पण लागली नाहीत आणि दंड शून्य.

बोलताना थोडक्यात बोला. विचारलं तेवढंच सांगा, पण विचारलं ते सगळं सांगा. 'बॉम्ब नाहीये हो त्यात' असले विनोद अजिबात नको. माहिती नसेल तर नक्की माहिती नाही म्हणा, अंदाजाने ठोकून देऊ नका. एखादी वस्तू चालत नाही म्हणाले तर काय पर्याय आहेत ते शांतपणे विचारा, कारण बऱ्याचदा फेकणं हा एकच पर्याय नसतो. काही देशांत पैसे भरून वस्तूवर धुरीची किंवा इरॅडिएशनची (किरणांनी कीड मारायची) ट्रीटमेंट करून देतात, कधी स्वतःच्या खर्चाने परत पाठवता येते. खर्च ऐकून बहुतेक लोक वस्तू सोडूनच देतात, मी पण तेच करेन, पण आजीच्या हातची लाकडी वस्तू वगैरे असेल तर विचारण्यात अर्थ आहे. काढून घेतलेल्या वस्तूची पावती मागा.

ड्यूटी लागली तर ती तिथेच भरायची, बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं, पण बाहेर पडायच्या आधी पावतीवर वस्तूचं नाव, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहिलाय का बघा. नुसतं 'कॅमेरा १' असं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या आणि ती पावती पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, कारण पुढच्या वर्षी तोच कॅमेरा गळ्यात घालून परत याल तेव्हा हा कधी घेतला असं विचारलं की तीच दाखवायची आहे.